बादलीत चावी

ताईनं आत्तापर्यंत सहा घरं नापास केली होती, आणि तीही अशा कारणांनी की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. पहिल्या घरात ओट्याचा कोपरा टोकदार होता. दुसऱ्यात न्हाणीघराची फरशी गुळगुळीत होती. तिसऱ्यात काहीच खोट निघेना, म्हणून तिला संशय आला. चौथ्यात खिडकीखाली टेबल होतं. त्यावर चढून कुणी खिडकीत गेलं म्हणजे?

"कोण चढणार आहे, ताई?" धाकटीनं विचारलं होतं.

"कुणीही."

पाचव्या आणि सहाव्या घराविषयी धाकटी आता बोलायलाच तयार नव्हती.

हे 'कुणीही' ताईच्या कमरेवर बसून तिच्या कानातलं ओढत होतं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण दीड वर्षाच्या त्या मुलीला पाय फुटले होते ते काही थांबण्यासाठी नव्हे. ती चालायला लागल्यापासून ताईची नजरच बदलली. इतर माणसं खोलीत शिरली की त्यांना उजेड दिसतो, रंग दिसतो, भिंतीवरचं चित्र दिसतं. ताईला दिसायची ती प्लगची छिद्रं, टेबलांचे कोपरे आणि जमिनीवर पडलेली प्रत्येक अशी वस्तू जी तोंडात मावते. तिचा नवरा म्हणायचा, "हिला घर म्हणजे चार भिंतींत नीट लावून ठेवलेले अपघात वाटतात." यावर ताई म्हणायची, "मग काय वेगळं असतं?"

आणि घर बघायचं होतं ते भिंगरीसाठी नव्हतंच. ते होतं धाकटीसाठी. धाकटी एकोणीस वर्षांची, बास्केटबॉल खेळणारी, दाराच्या चौकटीला कपाळ आपटणारी, म्हणून ताई तिला जिराफ म्हणायची. तिच्या दोन मैत्रिणी आणि ती अशा तिघी मिळून कॉलेजजवळ भाड्यानं राहणार होत्या. तिघींनाही टेबलावर बसून जिवंत राहता येत होतं. पण आईनं फर्मान काढलं होतं: "ताई बघेल. ती हो म्हणाली तर घ्या घर. नाही म्हणाली तर मावशीकडे राहायचं."

मावशी वाईट नव्हती. उलट जीव ओवाळून टाकणारी होती, आणि खरी पंचाईत तीच होती. मावशीच्या घरात अंघोळीला जरा वेळ लागला की दारावर टकटक व्हायची, बेशुद्ध तर नाही ना पडलीस. खिडकीत उभं राहिलं की पाठीवर शाल यायची. आणि कुणी हसलं, की मावशी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर येऊन विचारायची, "काय झालं हसायला?" मग सांगावं लागायचं. आणि सांगून झालं की ते विनोदी उरत नसे.

सोमवारी कॉलेज सुरू होत होतं. दोघी मैत्रिणींनी निर्वाणीचं सांगितलं होतं, आज ठरलं नाही तर त्या दुसऱ्या एका मुलीबरोबर दुसरीकडे जातील. आणि मावशीनं कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्याचा फोटो पाठवला होता. फोटोत कप्प्यात एक शाल आधीच होती.

"ताई," रस्त्याच्या वळणावर धाकटी म्हणाली, "एकच मागते. आज आत गेल्यावर रांगू नकोस."

"मी कधी रांगते?"

"प्रत्येक घरात."

"खालून बघितल्याशिवाय कळत नाही."

"आम्ही तिघी खालून राहणार नाही आहोत. माझं डोकं बघ कुठंय."

ताईनं मान वर करून बघितलं. लहानपणी याच डोक्याचे केस ती विंचरून द्यायची. आता हात पोचायला स्टूल लागलं असतं.

इमारत जुनी होती, चार मजल्यांची, आणि तिचा रंग पिवळा की पांढरा याबद्दल तिचंच एकमत नव्हतं. भिंतींवर जागोजाग वेगवेगळ्या वयाचं प्लास्टर लिंपलेलं. दारात मालक उभे होते. निवृत्त शिंपी, त्यामुळे सगळे त्यांना मास्टर म्हणत. दुकान बंद होऊन जमाना झाला तरी गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. त्यांनी धाकटीकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं आणि स्वतःशीच हळहळले, "किती कापड लागेल हिला."

मग ताईकडे वळून म्हणाले, "आधी दोष सांगतो. गिऱ्हाइकाला डाग आधी दाखवावा, म्हणजे नंतर तोंड लपवावं लागत नाही. इमारत जुनी आहे. ठिगळं दिसतात. पण उसवत नाही कुठं."

"सांगा," ताई म्हणाली. असा मालक तिला आजवर भेटला नव्हता. बाकीच्यांना एकेक दोष विचारून काढावा लागायचा, आणि ते म्हणायचे, अहो, तसं काही नाही.

मास्टर जिना चढता चढता दोष सांगत गेले. लिफ्ट नाही. खालची घंटी दाबली तर वरची वाजते. शेजारचा कुत्रा पहाटे गातो. वरच्या मजल्यावरचा मुलगा दंतवैद्य व्हायला शिकतो, त्याच्या खिडकीत कवळ्या वाळत असतात, घाबरू नका. खालच्या मजल्यावरची मुलगी नाटक शिकते, ती रडत असली तरी घाबरू नका. मेन स्विच बंद ठेवलाय. आणि बाल्कनीचं दार असं आहे की—

नेमकी इथं भिंगरी ताईच्या कमरेवरून सटकली आणि दोन पायऱ्या चढून तिसरीवर बसली, आणि ताईनं "अगं अगं" करत तिला धरलं, त्यामुळे बाल्कनीचं दार कसं आहे ते ताईला ऐकू गेलं नाही. धाकटीलाही नाही. जिन्याच्या खिडकीबाहेरून एक निळी बादली दोराला लटकत, घंटी किणकिणवत खाली चालली होती आणि तिच्यात एक टोस्टर होता. धाकटी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिली होती.

"लिफ्ट नाही ना," मास्टर म्हणाले. "म्हणून बादली. प्रत्येक बाल्कनीला एक. मीठ संपलं, वही हवी, टोस्टर हवा, की घंटी वाजवायची आणि बादली सोडायची."

"आणि कुणाच्या डोक्यात पडली तर?" ताईनं विचारलं.

"पडली होती एकदा. माझ्याच." मास्टरांनी टक्कल दाखवलं. "उशी होती आत."

तिसऱ्या मजल्यावरचं घर मोकळं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि इतका उजेड की भिंगरी क्षणभर थबकली आणि मग जी सुटली ती गोल गोल फिरतच राहिली. धाकटी खिडकीशी गेली. तिनं दोन्ही तळहात खिडकीच्या कट्ट्यावर असे ठेवले जसे घोड्याच्या पाठीवर ठेवतात.

ताई रांगली.

रांगत तिनं पलंगाखालचं, कपाटाखालचं आणि पाइपामागचं बघितलं. पर्समधून प्लास्टिकची बुचं काढून प्रत्येक प्लगच्या छिद्रात बसवली. धाकटीनं डोळे मिटून घेतले. मास्टर मात्र कौतुकानं बघत होते. हातशिलाई बघावी तसे.

पुढच्या दाराला साखळी होती. ताई बाहेर गेली, मास्टरांना आतून साखळी लावायला सांगितली, दार उघडलं तेवढ्या फटीतून हात आत घातला आणि साखळीपर्यंत पोचतो का ते बघितलं. बोटभर कमी पडला. "पास," ती म्हणाली. धाकटीनं डोळे उघडले. गेल्या सहा घरांत हा शब्द निघाला नव्हता.

"आता पाणी," ताई म्हणाली. "सकाळी सगळे एकदम नळ सोडतात तेव्हा इथं थेंब येतो का, ते बघायचं. जिराफ, तू खालच्या मुलीकडे जा. मी बाल्कनीतून एकदा ओरडले की नळ सोड, दुसऱ्यांदा ओरडले की बंद कर. मास्टर, वरच्या मुलाला सांगाल?"

मास्टरांनी खिडकीतून वर तोंड करून हाक मारली. वरून "हो" आलं. धाकटी जिना उतरून गेली. ताईनं तिच्यामागे दार लावलं, साखळी लावली, वरून कडीही घातली, नाहीतर भिंगरी सरळ जिन्यावर. पर्स जमिनीवर ठेवली. पाणी वरच्या टाकीतून कोणत्या पाइपानं येतं ते मास्टर बाल्कनीत जाऊन दाखवत होते, तीही बाहेर गेली. भिंगरी पाठोपाठ आली. बाल्कनी म्हणजे तिसरा मजला, कठड्याच्या सळ्यांमधून लहान मुलाचं डोकं जातं की नाही हे अजून तपासायचं होतं. ताईनं शहाण्या आईनं करावं तेच केलं. भिंगरीला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

खट.

मास्टरांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर फार मोठं दुःख होतं. "मी मघाशीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "हे दार बाहेरून उघडत नाही."

दाराला बाहेरच्या बाजूनं हँडलच नव्हतं. हँडल जिथं असायला हवं तिथं एक भोक होतं आणि भोकात कागद कोंबला होता. दाराचा वरचा भाग खरबरीत काचेचा, खालचा लाकडी, आणि भिंगरी पूर्णपणे लाकडाच्या उंचीची.

"चावी?" ताईचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"चावी आहे की." मास्टरांनी खिशातून काढून दाखवली. "पुढच्या दाराची." दोघांनी चावीकडे बघितलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच, फक्त गावाला वळसा घालायला वाटच नव्हती.

"जिराफ!" ताई कठड्याला धरून ओरडली.

खालून नळ सोडल्याचा आवाज आला.

"अगं, पाणी नको. वर ये."

नळ बंद झाला.

"अगं ऐक!"

नळ सुटला. धाकटीनं आयुष्यात ताईचं इतकं काटेकोरपणे कधीच ऐकलं नव्हतं. आज घराचा प्रश्न होता.

ताई गुडघ्यांवर बसली आणि मग सरळ पोटावर पडली. दाराखाली बोटभर फट होती. फटीतून तिला दोन इवलेसे बूट दिसले. बूट गोल फिरले, पर्सपाशी गेले, आणि पर्स उपडी झाल्याचा आवाज आला.

"भिंगरी, बाळा, आई इथं आहे हं. काही तोंडात घालू नकोस."

आत शांतता. आई झालेल्या बाईला माहीत असतं की मुलाचं रडणं परवडतं, शांतता नाही.

"काय झालं?" वरून आवाज आला. दातवाला मुलगा कठड्यावरून वाकून बघत होता.

"अडकलो," मास्टर म्हणाले, हवामान सांगावं तसं.

"बिस्किटं पाठवू?"

"बिस्किटं नकोत," ताई जमिनीवरून म्हणाली. "मला ती दिसत नाहीये. काहीतरी तोंडात घालतेय बहुतेक."

"तोंडात?" मुलाचा आवाज एकदम जबाबदार झाला. "थांबा." आणि घंटी किणकिणवत वरची बादली खाली आली. आत बिस्किटांचा पुडा होताच. शिवाय दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा छोटा गोल आरसा.

ताईनं आरसा फटीतून आत सरकवला आणि दांडी फिरवली. आधी छत दिसलं. मग पलंगाचा पाय. मग एक गाल, जवळून, भोपळ्याएवढा. गाल हलला, एक डोळा आरशात आला, डोळ्याला आनंद झाला, आणि पलीकडून आरसा जोरात ओढला गेला.

"घेतला," ताई म्हणाली.

"धार नाहीये त्याला," वरून दिलासा आला. "नवाच आहे. कुणाच्याही तोंडात गेलेला नाही अजून."

इकडे मास्टरांनी शांतपणे दोर सोडायला घेतला होता. या घराच्या बाल्कनीलाही एक बादली होती, हिरवी. तिच्यात त्यांनी चावी ठेवली, घंटी वाजवली, आणि बादली खाली गेली.

"नुसती चावी? निरोप नको?" ताईनं विचारलं.

"बादलीत चावी आली म्हणजे कुणीतरी बाल्कनीत अडकलंय. इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांनी दोराला एक गाठ मारली. "हँडल बसवायचं राहूनच जातं. सवय झाली ना."

आणि नेमका त्याच वेळी आत फोन वाजला.

त्या वाजण्याची धून ताईनं आईसाठी वेगळी ठेवली होती. व्हिडिओ कॉल. आईला बाकी काही नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायची फार हौस. आणि भिंगरीला धड बोलता येत नसलं तरी फोन उचलता यायचा; या पिढीची मुलं ते पोटातूनच शिकून येतात.

"आजी," भिंगरी म्हणाली.

"अगं माझी सोन्या. आई कुठंय?"

"आई बाय."

"बाय? तुला एकटीला टाकून कुठं बाय?"

ताईच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. आई मावशीला फोन लावणार. मावशी शाल घेऊन रिक्षात बसणार. आईला जपून सांगितलं नाही तर ती तिथं तीन तासांवर बसून रक्तदाब वाढवून घेणार. ताईनं तोंड फटीला लावलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "आई, मी इथंच आहे. बाल्कनीत. पाइप बघतेय."

"दिसत का नाहीस? मला नुसतं छत दिसतंय."

"छत कसं आहे?"

"छताला काय झालंय? ओल नाही." आईनं फोन जरा जवळ धरला. "घर कसं आहे ते सांग."

"छान आहे," ताई म्हणाली.

"छान?" आईच्या आवाजात घबराट उमटली. "तू म्हणतेस छान?"

"उजेड भरपूर आहे."

"आणि शेजार कसा आहे?"

ताईच्या नाकासमोर बिस्किटांचा पुडा पडला होता. वरून दातवाला पार कमरेतून वाकून ऐकत होता. "शेजार... हाक मारायच्या आत धावून येतो."

"मालक?"

मास्टर भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही हातांनी गळ्यातली टेप धरून, मान खाली घालून. निकालाच्या दिवशी मुलं उभी राहतात तसे. "मालक आधी दोष सांगतात," ताई म्हणाली.

"असं? बरं. आणि दारं-खिडक्या? नीट लागतात ना?"

ताईनं दाराकडे बघितलं. दार तिच्या नाकापासून दोन बोटांवर होतं. "दारं," ती म्हणाली, "अतिशय मजबूत आहेत, आई. काही केल्या उघडत नाहीत."

आणि मग काय झालं ते तिलाही कळलं नाही. आधी मास्टरांच्या घशातून एक आवाज आला, शिलाई मशीन अडकल्यासारखा. मग वरून कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि ताईच्या पोटातून, जे पोट त्या वेळी तिसऱ्या मजल्याच्या गार फरशीवर सपाट पसरलेलं होतं, हसू असं उसळलं की तिला श्वास घेता येईना. ती हसत होती आणि आरशात दिसावं तसं तिला स्वतःचं चित्र दिसत होतं: शिकलीसवरलेली बाई, फटीला तोंड लावून, तीन घरांच्या साक्षीनं, जे दार उघडत नाही त्याची तारीफ करतेय. आत भिंगरीला वाटलं हा काही नवा खेळ आहे. तीही खिदळायला लागली.

"काय झालं हसायला?" आईनं विचारलं.

तो स्वर ताईनं ओळखला. मावशीचा स्वर. ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहणारा. आणि लगेच पाठोपाठ तिनं आणखी एक स्वर ओळखला: टेबलावर कोण चढणार आहे म्हणून विचारल्यावर 'कुणीही' म्हणणारा. तिघींचा गळा एकच होता. घराण्यातच होता म्हणायचा.

"काही नाही, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "असंच."

तेवढ्यात पुढच्या दारात चावी फिरली. मग कडी खडखडली; ती बाहेरून जरा हलवली की पडायची, तो दोष मास्टर अजून सांगायचे होते. दार उघडलं आणि साखळीला अडकलं.

"ताई?" फटीतून धाकटीचा आवाज.

"साखळी आहे," ताई ओरडली. "हात पुरत नाही, मी बघितलंय."

"तुझा नाही पुरत."

तो लांब हात फटीतून आत आला. ताईला तो दिसला नाही, पण साखळीची किरकिर ऐकू आली, मग खळ्ळ, मग धावत येणारी पावलं, आणि बाल्कनीचं दार एका हिसक्यात उघडलं. धाकटी कोपरापर्यंत भिजलेली होती. तिनं पायाशी बघितलं.

"मी म्हटलं होतं रांगू नकोस."

"रांगत नव्हते. झोपले होते."

भिंगरी खोलीच्या मधोमध बसली होती. समोर ताईनं बसवलेली सगळी बुचं, प्लगच्या छिद्रांतून एकेक उपटून काढलेली, ओळीनं मांडून ठेवलेली. शेवटचं तिच्या हातात होतं. दुसऱ्या हातात आरसा, मांडीवर फोन, फोनमध्ये आजीचं कपाळ. ताई उठून धावत तिच्याकडे गेली.

"मेन स्विच बंद आहे," मास्टर हळूच म्हणाले. "मघाशीच म्हणालो होतो."

ताईनं भिंगरीला उचललं, तोंडात बोट घालून बघितलं, दातांशिवाय काही सापडलं नाही. मग फोन उचलला. आईचा चेहरा सरळ झाला.

"आता दिसलीस. केस कसे झालेत तुझे. हे बघ, खरं सांग. मघाचं सोड. घ्यायचं का हे घर? मावशीला काय कळवू?"

धाकटी बाल्कनीच्या चौकटीत मान वाकवून उभी होती. साखळीनं दंडावर लाल वळ उठला होता, त्यावर तिनं दुसरा हात ठेवला होता. तिनं विनवलं नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. फक्त तिचं तोंड लहानपणीसारखं झालं होतं, खेळात घेतात की नाही याची वाट बघताना व्हायचं तसं.

ताईनं मास्टरांच्या रीतीनं सुरुवात केली.

"आधी दोष सांगते," ती म्हणाली. "बाल्कनीचं दार बाहेरून उघडत नाही. मी आत्ता तिथंच अडकले होते, पाइप वगैरे काही बघत नव्हते. भिंगरी आत एकटी होती."

"अगं बाई," आई म्हणाली.

"साखळी लांब हाताच्या चोराला उघडते. कडीचा भरवसा नाही. बाल्कनीत बादल्या लटकतात, त्या डोक्यात पडतात. कुत्रा गातो."

धाकटीची मान आणखी खाली गेली. मास्टरांनी टेप सोडली.

"आणि मी अडकले तर वरून आरसा आला, खालून माणूस आलं, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मावशीकडे अडकले असते तर अजून समजावतच बसले असते." तिनं भिंगरीला दुसऱ्या कमरेवर घेतलं. "घ्यायचं, आई. हँडल बसवून मग घ्यायचं. पण घ्यायचं."

फोनमध्ये आईनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तो कप्पा रिकामा केलाय तिनं." मग सुस्कारा टाकला. "राहू दे. शाल ठेवेल त्यात."

धाकटी चौकटीतून उसळली ती तिला चौकट आहे हे विसरूनच. कपाळ आपटल्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथून लगेच नाटकवालीचा आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा: "नळ बंद करू का आता? माझी चप्पल जिन्यावरून चाललीय."

धाकटीनं कपाळ धरलं आणि ताईकडे बघितलं. "तू तिसऱ्यांदा ओरडलीस, म्हणून सोडलेला. मग चावी आली. मग राहिलाच."

"पाण्याला जोर आहे," मास्टर समाधानानं म्हणाले.

मैत्रिणींना बोलावून घ्यायला धाकटी वरच थांबली. ताई भिंगरीला घेऊन ओल्या जिन्यावरून, भिंतीला धरून, एकेक पायरी तपासत खाली उतरली. सवय एका दुपारी जात नसते. खालच्या दारात नाटकवाली एका हातात फडकं आणि एका पायात चप्पल अशी उभी होती. तिनं भिंगरीला डोळा मारला. भिंगरीनं आरसा दाखवला. परत करायचा राहूनच गेला होता.

रस्त्यावर येते न येते तोच वर घंटी किणकिणली. हिरवी बादली खाली येत होती, गचके खात, भिंतीवर आपटत, दोर कसा सोडायचा हे न कळणाऱ्या हातानं सोडलेली. ताईच्या छातीपाशी येऊन ती थांबली. आत सगळी प्लास्टिकची बुचं होती.

"मेन चालू केला मास्टरांनी," वरून धाकटी ओरडली. "फोन चार्ज करायचाय, ताई."

ताईनं आरसा भिंगरीच्या मुठीतून सोडवून बादलीत ठेवला आणि बुचं गोळा करून पर्समध्ये टाकायला लागली. भिंगरीनं वाकून त्यातलं एक उचललं, बघितलं, आणि परत बादलीत टाकलं.

"वल," ती म्हणाली.

ताईनं घंटी वाजवली. बादली हलत डुलत वर जायला लागली. वर धाकटी कमरेपासून कठड्यावर ओणवी होऊन दोर ओढत होती, केस चेहऱ्यावर, दात बाहेर, आणि कठड्याच्या सळ्या अजून कुणी तपासलेल्या नव्हत्या.

"इतकी वाकू नकोस गं," ताई म्हणाली. पण ते इतकं हळू, की तिसऱ्या मजल्यापर्यंत काही गेलं नाही.